श्वसन फिजिओथेरपी (अत्यवस्थ बालकांतील)

अतिदक्षता विभागातील तान्ह्या व लहान मुलांच्या श्वासनलिकांत साठलेला कफ सैल करून बाहेर काढण्याचे आणि त्यामुळे मिटलेला फुप्फुसाचा भाग पुन्हा उघडण्याचे उपचार.

बाळाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सुमारे 16 पट वाढतो, त्यामुळे थोड्याशा चिकट कफानेही बाळाला धाप लागते. शेजारशेजारच्या वायुकोशांना जोडणाऱ्या आडवाटा या वयात पुरत्या तयार झालेल्या नसतात. एखादी शाखा बुजली की तिच्या पुढचा भाग मिटतो. व्हेंटिलेटरवरील मुलांत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाचे असे वारंवार होते. शिवाय घशातून श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे मुलाला नीट खोकता येत नाही.

बाळाला कुशीवर वा पालथे ठेवणे, हाताची ओंजळ करून छाती थोपटणे (नवजाताला बोटांनी किंवा लहान मऊ मास्कने), उच्छ्वासाच्या वेळी हलकी कंपने देणे, अ‍ॅम्बू बॅगने (हाताने दाबून हवा भरण्याच्या पिशवीने) फुप्फुस फुगवणे आणि शेवटी सक्शन, म्हणजे बारीक नळीने कफ ओढून काढणे, असा हा उपचार. डोके खाली करून उतार देण्याची जुनी पद्धत आता बहुतेक ठिकाणी टाळतात. तिने पोटातले दूध वर येते आणि मेंदूवरचा दाब वाढतो.

खरे कसब सक्शनमध्ये. सक्शनची नळी श्वासनळीतील नळीच्या आतल्या व्यासाच्या साधारण निम्म्याहून जाड नको, नाहीतर कफाबरोबर हवाही ओढली जाऊन फुप्फुस आणखी मिटते. एक खेप 10 ते 15 सेकंदांत आटोपायची. मॉनिटरवर ऑक्सिजन घसरला किंवा नाडी मंदावली की लगेच थांबायचे. दर वेळी नळीत सलाइनचे थेंब टाकण्याची सवयही सोडलेलीच बरी.

छाती घुरघुरते म्हणून सगळ्यांनाच फिजिओथेरपी द्यावी, असे नातेवाइकांना वाटते आणि कधी डॉक्टरांनाही. पण विषाणूजन्य ब्राँकिओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांना सूज येण्याच्या आजारात) छाती थोपटण्याचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे 24 ते 27 आठवड्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील मेंदूच्या इजेचा या उपचाराशी संबंध असावा, असे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. कारण वादग्रस्त राहिले, पण इतक्या कोवळ्या बाळांना सरसकट थोपटणे त्यानंतर मागे पडले. छातीत हवा साचली असल्यास, फुप्फुसातून रक्तस्राव होत असल्यास किंवा प्लेटलेट फार कमी असल्यास थोपटत नाहीत.

कफाच्या गाठीने खंड मिटला असेल किंवा खोकण्याची ताकदच नसेल, तिथे मात्र हा उपचार उपयोगी पडतो. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी खोकल्याचे यंत्र वापरतात: ते दाबाने हवा आत भरते आणि क्षणात उलटा दाब देऊन ती कफासकट बाहेर खेचते.