दोन करपे, दोन वेगळी घराणी

बटाट्याच्या पानावर तपकिरी डाग दिसला की ‘करपा आला’ म्हणून आपण मोकळे होतो. पण करपे दोन आहेत: लवकर येणारा आणि उशिरा येणारा. नावांवरून वेळेचा अंदाज बांधू नये. गारवा आणि ओल जुळून आली तर ‘उशिरा’चा करपा कोवळ्या पिकावरही येतो आणि काही दिवसांत शेत काळं पाडतो.

लवकर येणाऱ्या करप्याचा डाग कोरडा असतो. त्यात एकात एक वर्तुळं दिसतात, डाग शिरांपाशी अडतो आणि सुरुवात खालच्या, जुन्या पानांवर होते. उशिरा येणाऱ्याचा डाग पाण्यात भिजल्यासारखा, शिरांना न जुमानता पसरणारा. दमट सकाळी पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. ओळखीपुरतं एवढं पुरे. खरा फरक पानावर दिसत नाही, तो रोगकारकांच्या वंशावळीत आहे.

लवकर येणारा करपा आल्टरनेरिया सोलानी या बुरशीमुळे होतो. उशिरा येणारा करपा करणारा फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा बुरशीसारखा दिसतो, बुरशीसारखे तंतू पसरतो, पण बुरशी नाही. तो ऊमायसीट गटातला, म्हणजे जवळचं नातं तपकिरी शैवालांशी आणि डायटम या सूक्ष्म, एकपेशी शैवालांशी. त्याच्या पेशीभित्तिकेचा आधार बुरशीसारखा कायटिन नसून मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन आहेत. बहुतेक बुरश्यांच्या तंतूंमध्ये गुणसूत्रांचा एकच संच असतो, याच्या तंतूंमध्ये निदान दोन. फ्रेंच शास्त्रज्ञ माँटान्याने १८४५ मध्ये त्याला बुरशी समजूनच नाव दिलं, जर्मन शास्त्रज्ञ डी बारीने १८७६ मध्ये आजचं नाव रूढ केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तो पुस्तकांतून बुरश्यांच्याच रांगेत बसला. अजूनही त्याला सर्रास बुरशीजन्य रोग म्हणतात. बोलण्यात चालून जातं, फवारणीत चालत नाही. डायफेनोकोनॅझोलसारखी औषधं बुरशीची स्टेरॉल (पेशीच्या पडद्याला लागणारं द्रव्य) तयार करण्याची यंत्रणा बंद पाडतात. फायटोफ्थोरा स्टेरॉल स्वतः तयारच करत नाही, तेव्हा बंद पाडायला तिथे काही नसतंच. उलट मेटालॅक्सिल ऊमायसीटवर चालतं, आल्टरनेरियाला त्याचं काही वाटत नाही.

दोघांचे जीनोम, म्हणजे डीएनएचा संपूर्ण मजकूर, शेजारी ठेवले की अंतर आणखी वाढतं. आल्टरनेरिया सोलानीचा जीनोम सुमारे ३.३ कोटी अक्षरांचा, दहा गुणसूत्रांत नीट मांडलेला. फायटोफ्थोराचा २००९ मध्ये वाचला गेला, तो सुमारे २४ कोटी अक्षरांचा निघाला, आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग त्याच त्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीचा. हा पसारा निरुपयोगी वाटतो, पण रोगाच्या दृष्टीने तीच मोक्याची जागा आहे. रोजच्या जगण्याची जनुकं दाट वस्तीत राहतात आणि फारशी बदलत नाहीत. बटाट्याची प्रतिकारशक्ती दडपणारी ‘इफेक्टर’ प्रथिनं ज्या जनुकांतून बनतात, ती मात्र या पुनरावृत्तीच्या विरळ माळरानावर विखुरलेली असतात. तिथे जनुकांच्या प्रती वाढतात, तुटतात, गळतात, मुक्या होतात. गाभ्याला धक्का न लावता हत्यारं बदलण्याची ही सोय आहे.

त्याचे चटके बटाट्याचे वाण तयार करणाऱ्यांना बसले. मेक्सिकोतल्या सोलानम डेमिसम या रानटी जातीतून प्रतिकाराची जनुकं बटाट्यात आणली गेली. अशा प्रत्येक जनुकाचं काम म्हणजे एखादा ठरावीक इफेक्टर ओळखणं आणि त्याबरोबर ती पेशी मारून टाकणं. रोगकारकाला सुरुवातीला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे पेशी मेली की त्याची वाट बंद. पण त्याने तो एक इफेक्टर बदलला किंवा टाकून दिला की वाण उघडा पडतो. तसंच होत गेलं, एकामागून एक. आल्टरनेरियाविरुद्ध ही युक्ती मुळात चालतच नाही, कारण तो पेशी मारूनच त्यावर जगतो. मेलेली पेशी त्याच्यासाठी जेवण आहे. म्हणून त्याच्याविरुद्धचा प्रतिकार बहुधा अनेक जनुकांच्या थोड्या थोड्या वाट्यातून येतो आणि पिकाच्या वयाशी बांधलेला असतो: उशिरा पक्व होणारे वाण जास्त काळ तग धरतात.

आता मला सर्वांत गमतीची वाटणारी गोष्ट. फायटोफ्थोराला लैंगिक प्रजनन येतं, त्यासाठी ए१ आणि ए२ असे दोन प्रकार एकत्र यावे लागतात. आल्टरनेरिया सोलानीची लैंगिक अवस्था कुणाला सापडलेली नाही. मग विविधता कुणाकडे जास्त असावी? प्रत्यक्षात आल्टरनेरियाच्या नमुन्यांत भरपूर जनुकीय वैविध्य मिळतं, तर फायटोफ्थोराचा एकच क्लोन, म्हणजे लैंगिक प्रजननाशिवाय वाढलेला एकसारखा वंश, कित्येकदा अख्खा खंड व्यापतो.

याचं कारण इतिहासात आहे. मध्य मेक्सिकोत, विशेषतः तोलुका खोऱ्यात, दोन्ही प्रकार पूर्वीपासून एकत्र नांदतात. बाहेरच्या जगात दीर्घकाळ ए१च माहीत होता. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्याने दुष्काळ घडवला, त्याचा डीएनए जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या वाळलेल्या पानांतून काढून २०१३ मध्ये वाचला गेला. तो हर्ब-१ नावाचा वंश निघाला. विसाव्या शतकात जगभर पसरलेला यूएस-१ हाच दुष्काळाचाही गुन्हेगार असावा असं पूर्वी मानत. तो त्याचा भाऊबंद निघाला, तोच नव्हे. १९८४ मध्ये ए२ स्वित्झर्लंडमध्ये सापडल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून उत्तर युरोपच्या काही भागांत दोघांच्या संकरातून ऊस्पोर, म्हणजे जाड कवचाचे बीजाणू, तयार होतात, आणि ते मातीत हिवाळा काढतात. पण ए२ आला म्हणून सगळीकडे संकरच बोकाळला, असं झालं नाही. २००४च्या सुमारास पश्चिम युरोपात दिसलेला १३_ए२ हा मेटालॅक्सिलला दाद न देणारा वंश क्लोन म्हणूनच फोफावला आणि दक्षिण भारतापर्यंत पोचला. त्याच्याकडे गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच आहेत. अशा विषम संचांवर लैंगिक प्रजनन अवघड, पण क्लोनला त्याची फिकीर नसते.

आल्टरनेरियाचा औषधांशी झालेला सामना कमी नाट्यमय आहे, आणि म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन औषधं पेशीच्या ऊर्जानिर्मितीला लागणाऱ्या सायटोक्रोम-बी या प्रथिनावर बसतात. अनेक बुरश्या १४३व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदलून या औषधातून जवळजवळ पूर्ण सुटतात. आल्टरनेरिया सोलानीला ती वाट बंद आहे, कारण त्याच्या जनुकात त्या जागेला लागूनच एक इन्ट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जाणारा तुकडा, येतो. तिथलं अक्षर बदललं तर इन्ट्रॉन नीट कापला जात नाही आणि प्रथिनच बनत नाही. त्यामुळे त्याला १२९व्या जागेवरच्या बदलावर भागवावं लागतं, आणि त्यातून औषधाचा परिणाम कमी होतो, पण संपत नाही. बटाट्याच्या पानांवर सापडणारा त्याचा नातलग आल्टरनेरिया आल्टरनाटा याच्याकडे तो इन्ट्रॉन नाही, म्हणून त्याने १४३ची वाट धरली. दोघांचे डाग नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगणं कठीण, तेव्हा फवारणी फसल्यावर ‘आल्टरनेरिया’ एवढं निदान अपुरं आहे. कोणता आल्टरनेरिया, हे प्रयोगशाळेतूनच कळतं.