व्यक्तीगणिक बदल मोजण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती: पार्श्वभूमी

अठराव्या शतकात फ्रान्समधील काउंट द मॉन्तबेयार यांनी आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजून ठेवली आणि निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ती नोंद आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या पुरवणीत छापली. एकाच व्यक्तीचा पाठपुरावा करणाऱ्या या नोंदीनंतर अभ्यासाची वाट मात्र दुसरीकडे वळली. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली आणि निरनिराळ्या वयांच्या निरनिराळ्या माणसांची मापे एकत्र करून वाढीचे आलेख काढण्याची पद्धत रुळली.

या पद्धतीतली अडचण मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८९२ च्या सुमारास ओळखली. एका मुलाची उंची अकराव्या वर्षी झपाट्याने वाढली आणि दुसऱ्याची चौदाव्या वर्षी, तर दोघांच्या सरासरीत ती झेप पसरट होते; सरासरीची रेषा मग दोघांपैकी कोणाचीच राहत नाही. माझ्या मते या विषयाचा पुढचा सगळा इतिहास या एका निरीक्षणाभोवती फिरतो.

संख्याशास्त्रज्ञ विशार्ट यांनी १९३८ मध्ये डुकरांच्या आहाराच्या प्रयोगात प्रत्येक जनावराच्या साप्ताहिक वजनांना स्वतंत्र वक्र बसवला आणि त्या वक्रांचे गुणांक, म्हणजे वक्राचा आकार ठरवणारे आकडे, हेच तुलनेचे साहित्य मानले. सी. आर. राव यांनी १९५८ मध्ये वाढीच्या वक्रांची तुलना अधिक भक्कम पायावर आणली. पॉटहॉफ आणि एस. एन. रॉय यांनी १९६४ मध्ये तिला व्यापक प्रतिमानाचे (गणिती आराखड्याचे) रूप दिले. त्यांच्या लेखातील उदाहरण आजही वर्गात शिकवले जाते: ११ मुली आणि १६ मुलगे, वय ८, १०, १२ आणि १४, आणि क्ष-किरण चित्रावर मोजलेले कवटीतील एक अंतर. त्यातल्या एका मुलाचे आकडे २३, २०.५, ३१ आणि २६ मिलिमीटर असे आहेत. हाड असे मागेपुढे होत नसते. यात वाढ किती आणि मोजण्यातली चूक किती, हे एकट्या त्याच्या चार आकड्यांवरून ठरत नाही.

मानसशास्त्रात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. क्रोनबाख आणि फर्बी यांनी १९७० मध्ये ‘नंतरचे गुण वजा आधीचे गुण’ हे माप जवळजवळ टाकून देण्याचा सल्ला दिला. पुढे रोगोसा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की दोष वजाबाकीचा नसून केवळ दोनच मोजण्यांवर विसंबण्याचा आहे. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, पण ती बरोबर आहे की नाही हे तपासायला तिसरा बिंदू लागतो.

त्याच वर्षी लेअर्ड आणि वेअर या संख्याशास्त्रज्ञांचा लेख आला. त्यांच्या प्रतिमानात प्रत्येक व्यक्तीला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा चढ, म्हणजे वाढीचा वेग, असतो, आणि या व्यक्तिगत रेषा समूहाच्या रेषेभोवती विखुरलेल्या आहेत असे धरले जाते. वर सांगितलेल्या मुलासारख्या मोजण्या थोड्या असल्या आणि एकूण मोजण्यातली चूक मोठी असली की त्या व्यक्तीची अंदाजित रेषा समूहाकडे ओढली जाते. मोजण्या भरपूर आणि चूक लहान असली की ती आपल्या जागी टिकते. शिवाय एखादी तपासणी राहून गेली म्हणून ती व्यक्तीच अभ्यासातून वगळावी लागत नाही, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या आरोग्यविषयक अभ्यासांना याचा फार मोठा उपयोग झाला. मात्र मोजणी का राहून गेली, याच्याशी न नोंदलेल्या स्थितीचाच संबंध असेल, तर ही सवलत फसवी ठरते. मोजणी राहून जाण्याच्या निरुपद्रवी आणि फसव्या कारणांतला हा भेद रुबिन यांनी १९७६ मध्येच स्पष्ट केला होता. लियांग आणि झेगर यांची १९८६ ची पद्धत याउलट समूहाच्या सरासरीचाच प्रश्न विचारते, म्हणून ती येथे बाजूला ठेवतो.

तरीही लेअर्ड आणि वेअर यांच्या प्रतिमानात व्यक्तीची रेषा समूहाकडून बळ घेते. मानसशास्त्रज्ञ मोलेनार यांनी २००४ मध्ये नेमके येथेच बोट ठेवले: माणसामाणसांतील फरकांवरून मिळालेला संबंध एकाच माणसाच्या आत काळानुसार तसाच लागू पडेल, हे फार कडक अटींखालीच खरे असते, आणि वाढ किंवा शिकणे यांसारख्या बदलत्या प्रक्रिया त्या अटी सहसा पाळत नाहीत.