सहेलमधली भूक: दुष्काळ वेगळा, सूद्यूर वेगळा

सहेल म्हणजे आफ्रिकेतला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा. तिथल्या नायजर, माली किंवा बुर्किना फासोतल्या अन्नटंचाईची बातमी आली की सोबत भेगाळलेल्या जमिनीचा फोटो ठरलेला. बातमी जुलै-ऑगस्टची असेल तर तो फोटो साफ चुकीचा आहे. तेव्हा तिथली शेतं हिरवीगार असतात. रिकामी असते ती घरातली कणगी.

दुष्काळ मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पाऊस दगा देतो, पीक जातं, जनावरं मिळेल त्या भावाने निघतात. सूद्यूर (तिथे चालणारा फ्रेंच शब्द) मात्र पाऊसपाणी नीट झालं तरी दरवर्षी येतो. जुनं धान्य संपल्यापासून नवं हाती येईपर्यंतचा हा काळ, साधारण जून ते सप्टेंबर.

"पाऊस लागला, आता सुटले" हे वाक्य म्हणूनच डोक्यात जातं. पाऊस लागला म्हणजे खरी ओढाताण सुरू झाली. बाजरी-ज्वारीची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते. देणी फेडायला शेतकरी तेव्हाच धान्य विकतो, आणि भाव तेव्हाच पडलेले असतात. जुलैत तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावं लागतं. हातात पैसा नसतो, म्हणून घरची माणसं दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात. बाजरीची पहिली खुरपणी पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवी. नेमक्या त्याच दिवसांत स्वतःच्या रानात तण माजतं, उतारा घटतो आणि पुढच्या साली कणगी आणखी लवकर तळाला जाते. मध्येच उघडीप पडून दुबार पेरणी आली आणि राखलेलं बियाणं पोटात गेलेलं असलं, तर कर्ज ठरलेलं. मलेरियाही याच महिन्यांत भरात असतो. अर्धपोटी लेकरांना तो जास्त छळतो.

दुष्काळ आणि सूद्यूर एकत्र येतात तेव्हा घोळ वाढतो. २००४ साली नायजरमध्ये टोळधाड आली, पाऊसही लवकर थांबला. तरी देशाचं पीक पार बुडालं नव्हतं. २००५ च्या सूद्यूरमध्ये गरीब घरं हरली ती बाजरीच्या भावापुढे.

या दिवसांत पानावर काय असतं? आपल्या टाकळ्याच्या जातभाईचा पाला, गोरखचिंचेची पानं. नायजरमध्ये हांझा झुडपाच्या बियाही खातात, पण त्या कडू असल्याने कित्येक दिवस पाणी बदलत भिजवाव्या लागतात. लवकर येणारी चवळी आणि फोनिओ हे बारीक दाण्याचं तृणधान्य हाती लागले की थोडा श्वास मिळतो.

उपायही म्हणूनच वेगळे. कमी पाण्याचं वाण दुष्काळाला उत्तर आहे, सूद्यूरला पुरं पडत नाही. तिथे माझं मत गोदाम तारणाला: काढणीला धान्य कुलपात ठेवून कर्ज उचलायचं, चार-सहा महिन्यांनी भाव चढल्यावर सोडवायचं. मदतीचं धान्य पाठवायचंच असेल तर रस्ते चिखलात जाण्याआधी, मेपर्यंत पोचवा. ऑक्टोबरात पोचलेली पोती शेतकऱ्याच्या नव्या मालाचाच भाव पाडतात.