दाब कलमाची शँपेन

फ्रेंच वाइनच्या बाटलीवर बऱ्याचदा ‘व्हिएय विन्य’, म्हणजे ‘जुन्या वेली’, असं छापलेलं असतं. किती जुन्या, हे फ्रान्सच्या कायद्यानं ठरवलेलं नाही. म्हणजे ते शब्द मालकाच्या भरवशावरच वाचायचे! शँपेन प्रांतातल्या आय गावात मात्र दोन चिमुकले मळे असे आहेत की तिथं वेलीचं वय मोजायचं कुठून, हाच प्रश्न पडतो.

हे मळे बोलँजे घराण्याचे. १८२९पासून हे घराणं शँपेन बनवतं. या दोन मळ्यांतली पिनो न्वार द्राक्षं वेलीच्या स्वतःच्या मुळांवर वाढतात. यात काय विशेष, ते नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला लगेच कळेल. तो डॉगरिज नावाच्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, कलम बांधतो ते दुष्काळ आणि क्षार सोसावेत म्हणून. फ्रान्सला अमेरिकन खुंट घ्यावा लागला तो एका किडीमुळे.

फायलोक्सेरा हा माव्याच्या नात्यातला, जेमतेम मिलिमीटरभर किडा. तो अमेरिकेहून आला आणि १८६०च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेतल्या बागा वाळू लागल्या. मेलेली वेल उपटावी तर मुळांवर काहीच सापडेना. १८६८मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरवीगार दिसणारी वेल उपटली, तेव्हा पिवळे किडे दिसले. वेल मरायच्या आतच ते शेजारच्या मुळांवर सरकत होते. किडा मुळात सोंड खुपसतो, तिथं गाठ येते, ती फुटते आणि जखमेतून बुरशी शिरते. अमेरिकन रानद्राक्षाचं मूळ अशा जखमेभोवती बुचासारखा थर धरतं. युरोपच्या द्राक्षाला ते जमत नाही. सरकारनं उपायासाठी ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं, पण शेवटी तारलं ते खुंटानं.

वाळूत या किडीला नीट फिरता येत नाही, म्हणून रेताड जमिनीतल्या काही जुन्या बागा वाचल्या. आयची जमीन चुनखडीची. तरीही हे दोन मळे टिकले आहेत.

तिथं रोपं लावत नाहीत. दाब कलम करतात. जुनी काडी वाकवून मातीत पुरायची, शेंडा वर ठेवायचा, मग पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय, त्यामुळे वर दिसणारी फांदी कोवळी आणि खालचं लाकूड म्हातारं. वेली पुढं सरकत राहतात, ओळी राहत नाहीत, ट्रॅक्टर आत घालायची सोय नाही. काम सगळं हातानं, फार तर घोड्यानं. १९६९च्या हंगामापासून, मादाम लिली बोलँजे कारभार पाहत असताना, या वेलींची शँपेन वेगळी भरू लागले. बाटल्या मोजक्याच निघतात आणि किंमत भलतीच असते.

पूर्वी असे तीन मळे होते. तिसरा बुझी गावातला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला किडीनं तो गाठला आणि वेली उपटाव्या लागल्या.