एंगेज टोन ओळखणारी पेटी

रात्री ऑफिसच्या लँडलाइनवर कुणीतरी फोन करतं, 'मराठीसाठी १ दाबा' ऐकून कंटाळतं आणि ठेवून देतं. सकाळी व्हॉइसमेल उघडावा, तर त्यात नुसतंच टूं… टूं… टूं, आणि लाइन तेव्हापासून अडकलेली. समोरच्यानं फोन ठेवला की लाइनवर हाच एंगेज टोन येतो. माणसानं तो ऐकून लगेच फोन ठेवला असता. इथे ऐकायला होता गेटवे, म्हणजे लँडलाइनची तार इंटरनेटवरच्या फोनशी जोडणारी पेटी. तिला तो टोन ओळखताच आला नाही.

एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती तोवर 'लाइन बिझी आहे' हे तीच सांगायची. आल्मन स्ट्राउजरला स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली मिळालं. पुढे ऑपरेटर बाजूला होत गेली, तसे हे निरोप आवाजांतून द्यावे लागले. प्रत्येक देशानं आपापले आवाज ठरवले. आपल्याकडे सूर ४०० हर्ट्झचा. डायल टोनमध्ये त्यावर २५ हर्ट्झचा चढउतार चढवलेला, म्हणून ती ओळखीची घरघर. रिंग ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, परत ०.४ वाजते आणि मग २ सेकंद शांत. एंगेजला पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. अमेरिकेत एंगेजसाठी ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. तिथली रिंग २ सेकंदांची आणि मग ४ सेकंद काहीच नाही. मुलं तिकडे असलेल्या आईबाबांना ती लांबलचक रिंग पाठ असते. युरोपात बहुतेक ठिकाणी ४२५ हर्ट्झ.

गेटवेला दोन प्रकारची तोंडं असतात. एफएक्सएस पोर्टला आपला साधा फोन लागतो. तिथे पेटी स्वतः टोन वाजवते. एफएक्सओ पोर्टला एक्स्चेंजची तार येते. तिथे पेटी टोन ऐकते. वाजवण्यात चूक झाली तर फारसं बिघडत नाही. अमेरिकन डायल टोन ऐकूनही माणूस नंबर फिरवतोच. ऐकण्यातली चूक मात्र लाइन अडकवते. गंमत अशी की कानाला खटकते ती पहिली चूक, म्हणून लोक तीच दुरुस्त करतात आणि काम झालं म्हणून उठतात.

पेटी ऐकते कशी? आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. सगळे सूर वेगळे काढत बसण्यापेक्षा 'यात ४०० हर्ट्झ किती आहे?' एवढंच विचारणारी एक पद्धत जेराल्ड गोर्टझेल यांनी १९५८ साली मांडली. तिला गणित इतकं थोडं लागतं की स्वस्त चिपलाही ते झेपतं. पण ४०० आणि ४२५ यांतला फरक कळायला साधारण १/२५ सेकंद, म्हणजे ३२० नमुने, ऐकावंच लागतं. घाई केली तर दोन्ही सूर सारखेच वाटतात.

सूर जुळला तरी भागत नाही. बोलण्यात आणि होल्डवरच्या गाण्यातही ४०० हर्ट्झ असतोच. म्हणून ताल मोजायचा: ७५० मिलिसेकंद आवाज, तेवढीच शांतता, आणि हे किती वेळा? दोनच आवर्तनं पुरेशी मानली तर एखादं गाणं चालू कॉल तोडून टाकेल. चार ठेवली तर ६ सेकंद जातात. माझं मत चारच्या बाजूनं. ६ सेकंदांनी कुणाचं अडत नाही, बोलताना कॉल तुटला की मात्र माणूस चिडतो.

काही लाइनवर समोरच्यानं फोन उचलला की तारांची धन-ऋण टोकं उलटतात आणि ठेवला की पूर्ववत होतात. पीसीओचं मीटर याच खुणेवर चालायचं. पण ही खूण बहुधा बाहेर केलेल्या कॉललाच मिळते. आत आलेल्या कॉलसाठी टोनवरच भिस्त.

मग सेटिंगमध्ये 'इंडिया' निवडलं की झालं? तांब्याच्या तारेवर बहुधा झालं. आता मात्र लँडलाइन बऱ्याचदा फायबरच्या मोडेममधून येते, आणि टोन एक्स्चेंज नव्हे, तो मोडेमच तयार करतो. त्यात दुसऱ्याच देशाचं सेटिंग राहिलं असेल तर आपली पेटी ४०० हर्ट्झची वाट पाहत बसते. अशा वेळी देशोदेशींच्या टोनचे तक्ते बाजूला ठेवावेत. मोबाइलवरून त्या लाइनला फोन लावायचा, उचलायचा, मोबाइलवरून कॉल कट करायचा आणि लाइनवर येणारा टोन रेकॉर्ड करायचा. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणता सूर किती आहे याचा आलेख, काढला की सूर दिसतो, आणि आवाजाच्या पट्ट्या मोजल्या की ताल. तेच आकडे पेटीत भरायचे.