ईईपीरॉमची झीज व लेखनसंयम

मायक्रोकंट्रोलरमधील (उपकरणे चालवणाऱ्या एका चिपवरच्या छोट्या संगणकातील) ईईपीरॉम या विजेने पुसता येणाऱ्या स्मृतीवर मोजकेच लेखन करून तिचे आयुष्य वाढवण्याची पद्धत. वीज गेली तरी या स्मृतीतील नोंद टिकते. मात्र तिचा प्रत्येक बाइट ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. ‘आर्दुइनो ऊनो’ या मायक्रोकंट्रोलर-बोर्डावरील एटीमेगा३२८पी या चिपच्या ईईपीरॉमला १,००,००० लेखनचक्रांची हमी आहे; प्रोग्रॅम साठवणाऱ्या फ्लॅश स्मृतीला १०,०००.

उगम : निरोधक थराने चोहोबाजूंनी वेढलेल्या ‘फ्लोटिंग गेट’ची (विद्युत् भार साठवून ० किंवा १ ची नोंद ठेवणाऱ्या भागाची) कल्पना बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग व सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडली. तिच्या आधारे इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ च्या सुमारास ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती घडवली. पण ती पुसायला अतिनील प्रकाश लागे. विजेने पुसली जाणारी स्मृती प्रथम कोणी साधली, यावर एकमत नाही. जपानच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीतील यासुओ तारुई व सहकाऱ्यांचे काम १९७० च्या दशकाच्या आरंभीचे आहे. एली हरारी यांनी ह्यूज एअरक्राफ्टमध्ये १९७७ च्या सुमारास पातळ ऑक्साइड थरातून टनेलिंग (इलेक्ट्रॉनांनी निरोधक थर आरपार ओलांडणे) घडवण्याची रीत पुढे आणली. जॉर्ज पर्लेगॉस यांनी इंटेलमध्ये २८१६ ही ईईपीरॉम चिप सिद्ध केली. कालक्रमाने जपानी संशोधन आधीचे असले, तरी आजच्या ईईपीरॉमशी हरारींच्या पातळ थराचे नाते अधिक जवळचे दिसते.

झिजेचे कारणही हा थरच. तो साधारण १० नॅनोमीटर जाडीचा असतो. दर लेखनात तीव्र विद्युत् क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात आणि काही आतच अडकून पडतात. अडकलेला भार साचत गेला, की ० आणि १ यांतील फरक पुसट होतो. वाचनाने अशी झीज होत नाही.

लेखनसंयम : एकाच बाइटवर दर सेकंदाला लिहिले, तर हमीची मर्यादा २८ तासांच्या आत संपते. म्हणून आधी जुने मूल्य वाचावे आणि ते बदलले असेल तरच लिहावे, आर्दुइनोतील ‘ईईपीरॉम.अपडेट’ हेच करते. दुसरा उपाय जागा फिरवण्याचा. चार बाइटांचा वाढता गणक १,०२४ बाइटांत २५६ जागी आळीपाळीने लिहायचा आणि चिप सुरू होताना सर्वांत मोठा आकडा शोधायचा. दहा मिनिटांनी एकदा लिहिल्यास मर्यादा गाठायला चारशेहून अधिक वर्षे लागतील. पण दर सेकंदाला लिहिल्यास हीच योजना सुमारे २९६ दिवसांत संपते. तेव्हा जागा फिरवण्याआधी लेखन कमी करणे, हाच खरा उपाय मानावा.

वीज जाताना एकदाच लिहिणे सर्वांत काटकसरीचे. एका बाइटला सुमारे ३.४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे चार बाइटांसाठी कपॅसिटरने चिपचा व्होल्टेज किमान १४ मिलिसेकंद तोलून धरला पाहिजे. तो मध्येच घसरला, तर अर्धवट नोंद उरते. यासाठी ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज फार घसरल्यास चिप थांबवणारी सोय) चालू ठेवावा व नोंदीसोबत चेकसम (नोंद पूर्ण आहे का हे पडताळणारा आकडा) लिहावा.

एफरॅम या फेरोइलेक्ट्रिक स्मृतीमध्ये टनेलिंग नसल्याने ही मर्यादा व्यवहारात जाणवत नाही.