एकाच वेळी अनेक ठिकाणी आपत्ती : ‘एरिया कमांड’ कोण सुरू करतं, कागद कोणते लागतात?

२२ जुलै २०२१ आठवा. चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात, महाडच्या तळीयेत दरड, आणि त्याच रात्री घाटापलीकडे पाटण तालुक्यात आंबेघरलाही दरड. बोटी, जेसीबी मोजकेच आणि हाका चहूकडून. अशा वेळी कुठलं साधन आधी कुठे जाणार, हे एका ठिकाणी ठरावं लागतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या आयआरएस (इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम, म्हणजे आपत्तीत कोणी काय करायचं याची ठरलेली पद्धत) मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘एरिया कमांड’, म्हणजे अनेक पथकांवर देखरेख करणारी व्यवस्था, आहे ती याचसाठी.

अधिकार कुणाला?
यासाठी नागरिकाला अर्ज करावा लागत नाही. वेगवेगळ्या उपविभागांतले बरेच तालुके बाधित झाले, तर जिल्हाधिकारी उपविभागवार एरिया कमांड सुरू करू शकतात. संकट एकापेक्षा जास्त महसूल विभागांतल्या जिल्ह्यांत पसरलं, तर मुख्य सचिव विभागवार तशी व्यवस्था लावतात आणि जिल्हाधिकारी स्वतः इन्सिडेंट कमांडर, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या प्रतिसाद पथकाचे प्रमुख, होतात. तळीये कोकण विभागात, आंबेघर पुणे विभागात. म्हणजे हा दुसरा प्रकार.

एरिया कमांडर आला म्हणजे तहसीलदारांचे अधिकार गेले, असा समज मी पुष्कळदा ऐकला आहे. तो चुकीचा आहे. प्रतिसाद पथकांवर जवळून देखरेख, त्यांना मदत आणि साधनांवरून होणारे वाद तिथल्या तिथे मिटवणं, एवढंच त्याचं काम.

कागदपत्रं
आयआरएसचे ठरलेले फॉर्म आहेत. फॉर्म ००१ मध्ये घटनेची माहिती, ००२ मध्ये सद्यस्थितीचा गोषवारा. खरा जीव मात्र ००६ मध्ये आहे : आलेल्या साधनांची हजेरी आणि तैनाती. पहाटे चार वाजता ट्रकवरून बोट उतरते, सगळे भिजलेले, आणि कुणीतरी म्हणतं, “नोंद नंतर करू.” तसं करू नका. नोंद नसलेली बोट वरच्यांच्या हिशेबात नसतेच. किंवा दोन गावांना तीच बोट कबूल केली जाते आणि एक गाव वाट बघत बसतं.

वाहनमालकांसाठी
आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ खाली बचावकार्यासाठी वाहन ताब्यात घेता येतं. कलम ६६ प्रमाणे त्या भागातल्या चालू भाडेदरानुसार मोबदला मिळतो. रक्कम मान्य नसेल तर मुदतीत अर्ज करून लवाद मागता येतो. आदेशाची प्रत हातात घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

गावातून मदत हवी असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा. गाव, वाडी, अडकलेली माणसं किती, त्यात आजारी किती आणि रस्ता कुठे तुटलाय, एवढं आधी सांगा.